लाल फडक्याने लांबी कमी होत नाही

12 जानेवारी 2025, रविवार. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास नाशिकमध्ये द्वारका परिसरातल्या उड्डाणपुलावर, अय्यप्पा मंदिराजवळ, एक टेम्पो लोखंडी सळया घेऊन चाललेल्या ट्रकवर मागून आदळला. टेम्पोतली माणसं निफाड तालुक्यातला धार्मिक कार्यक्रम आटोपून सिडकोत आपापल्या घरी परतत होती. किमान सहा जणांचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. त्यानंतर शहरात जी चर्चा झाली ती दोन प्रश्नांभोवती फिरली: टेम्पोचालकाचा ताबा का सुटला आणि मालवाहू टेम्पोत एवढी माणसं का बसवली होती. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. दोष कोणाचा आणि किती, याचा निवाडा तपास आणि न्यायालयाचं काम आहे. पण या दोन प्रश्नांच्या आड एक तिसरा प्रश्न कायम राहून जातो. सळया, पाइप, बांबू, शिड्या, अँगल, इतकंच काय पण मासे पकडायच्या गळाच्या काठ्या, अशा लांब वस्तू रस्त्यावरून नेण्याची आपली रीतच मुळात चुकीची आहे का? माझ्या मते ती चुकीची आहे, आणि चूक बांधण्यात किंवा फडकं लावण्यात होत नाही, त्याच्या आधीच होते. लांब वस्तू सुरक्षित नेण्याचे खरे उपाय दोनच आहेत: वस्तू गाडीच्या मापात आणायची, नाहीतर वस्तूच्या मापाची गाडी आणायची. बांधणं त्यानंतरचं, आणि लाल फडकं सर्वांत शेवटचं. आपण मात्र सुरुवातच फडक्यापासून करतो.

फाळका उघडा टाकून, हौद्याच्या बाहेर दोन-तीन मीटर लोंबणाऱ्या सळयांकडे मागून येणाऱ्या चालकाच्या नजरेनं पाहिलं, तर धोका कशात आहे ते कळतं. बारा मिलिमीटरची सळई आडवी पाहिली तर लांबलचक रेघ दिसते. ती नेमकी डोळ्यांच्या दिशेनं रोखलेली असेल, तर तिचा फक्त एक ठिपका दिसतो, जेमतेम करंगळीच्या टोकाएवढा. ठिपका किती लांब आहे याचा अंदाज डोळ्यांना येत नाही. रात्री चालक पुढच्या गाडीचं अंतर ठरवतो ते तिच्या मागच्या दिव्यांवरून. दिवे असतात हौद्याच्या टोकाला आणि लोखंडाचं टोक असतं त्याच्या तीन मीटर अलीकडे. म्हणजे ज्या अंतरावर तो स्वतःला सुरक्षित समजतो, तिथे तो प्रत्यक्षात सळयांना भिडलेला असतो. ताशी 40 किलोमीटर म्हणजे शहरातला साधाच वेग, त्या वेगानं गाडी सेकंदाला 11 मीटर जाते. तीन मीटर संपायला पाव सेकंदाहून थोडासाच जास्त वेळ लागतो. ब्रेकवर पाय पोहोचायलाही बहुतेकांना याहून जास्त वेळ लागतो.

धडक झाल्यावर काय होतं, तेही पाहायला हवं. मोटारीचा पुढचा भाग स्वतः चेपून घेऊन आतल्या माणसांवरचा आघात कमी करेल, अशा बेतानं बनवलेला असतो. ट्रकच्या मागे, खालच्या अंगाला, एक आडवा लोखंडी दांडा बसवणं आपल्याकडे बंधनकारक आहे. लहान गाडी ट्रकच्या खाली घुसू नये, तिच्या बंपरला आणि बॉनेटला टेकायला काहीतरी मिळावं, यासाठी तो असतो. बाहेर आलेल्या सळया ही सगळी व्यवस्था निकामी करतात. दांडा राहतो तीन मीटर पुढे, सळया येतात बरोबर काचेच्या उंचीवर. बॉनेटला काही लागण्याआधीच काच फुटलेली असते. सीटबेल्ट, एअरबॅग, चेपणारा पत्रा यांतलं काहीच अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण हे सारं रुंद आघात पेलण्यासाठी बनलेलं आहे. इथे सगळा जोर दोन-चार चौरस सेंटिमीटरवर एकवटलेला असतो.

मागून धडक बसणं हा एकच धोका असता तरी पुरे होता, पण आणखी दोन आहेत आणि त्यांच्याकडे सहसा लक्ष जात नाही. पहिला वळणाचा. गाडी डावीकडे वळते तेव्हा मागच्या चाकांच्या मागे असलेला भाग उजवीकडे फेकला जातो. हौद्याचा तो भाग थोडासाच असतो, म्हणून एरवी कळत नाही. पण मागे तीन मीटर सळया लोंबत असतील, तर त्यांचं टोक शेजारच्या रांगेत घुसतं. मुंबई नाका किंवा द्वारका चौकात सिग्नल सुटल्यावर अशा ट्रकच्या बाजूला दुचाकीवाला असेल, तर त्याला चुकवायला जागाच नसते. ट्रकचालकाला आरशात गाडीची बाजू दिसते, सळयांचं टोक दिसत नाही. दुसरा धोका ब्रेकचा. लोखंडावर लोखंड सहज घसरतं. बारा मीटर लांब, बारा मिलिमीटर जाड अशा एका सळईचं वजन साधारण पावणेअकरा किलो असतं. अशा दहा सळया म्हणजे शंभर किलोंच्या वर. गाडी थांबते, तिच्यातलं सैल लोखंड थांबत नाही, आणि त्याच्या वाटेत चालकाची केबिन असते. सळया नेणाऱ्याच्या स्वतःच्या जिवालाही तेवढाच धोका आहे, हे मालवाहतूक करणाऱ्यांनी तरी विसरू नये.

कायदा या बाबतीत अगदी स्पष्ट आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधल्या नियम 93 मध्ये पूर्वी एक सवलत होती: मालवाहू गाडीच्या मागे खांब किंवा तत्सम वस्तू एक मीटरपर्यंत बाहेर आलेली चालायची. 2014 मध्ये केंद्र सरकारनं ती सवलतच काढून टाकली. म्हणजे ‘एक मीटरपर्यंत चालतं’ हे आजही दुकानातून आणि गाडीतळावर ऐकू येणारं वाक्य कधीचंच खोटं ठरलं आहे. गाडीच्या बाजूला, पुढे किंवा मागे माल बाहेर येता कामा नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये अशा बाहेर आलेल्या मालासाठी 20,000 रुपये दंड आणि माल उतरवून घेण्याचा खर्च अशी तरतूद आली. त्यात गाडी चालवणाऱ्याइतकाच, ती तशी चालवायला लावणारा किंवा चालवू देणाराही धरला आहे. ‘टाक रे, जवळच तर जायचंय’ असं म्हणून घाईनं माल भरायला लावणाऱ्यानंही हे लक्षात ठेवावं.

इथे जाणकार वाचक विचारेल, की अमेरिकेसारख्या देशात माल मागे बाहेर आलेला चालतोच ना? चालतो. तिथे मालवाहू गाडीच्या मागे चार फुटांपेक्षा जास्त माल आला, तर दिवसा ठरावीक मापाचं, किमान 18 इंच चौरस लाल किंवा नारंगी निशाण आणि रात्री लाल दिवा लावावा लागतो. आपल्याकडे फडकं म्हणून जे लावलं जातं, ते जुन्या साडीची चिंधी किंवा लाल प्लास्टिकची पिशवी असते. धुरानं आणि उन्हानं तिचा रंग उडालेला असतो, रात्री ती दिसत नाही आणि वाऱ्यानं ती सळयांभोवती गुंडाळली जाते. चांगलं निशाण लावलं तरी ते फक्त सूचना देतं, लांबी जिथल्या तिथेच राहते. आपल्या रस्त्यांवर एकाच रांगेत ट्रक, रिक्षा, दुचाकी, सायकल आणि पायी चालणारा माणूस असतो. तिथे केवळ सूचनेवर विसंबता येत नाही. सवलत काढण्याचा निर्णय म्हणूनच योग्य होता.

वस्तू मापात आणणं शक्य तरी आहे का, हा खरा प्रश्न. याचं उत्तर अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळतं, ते म्हणजे गळाच्या काठीत. नाशिकच्या आसपास पाण्याला तोटा नाही. गंगापूर, दारणा, मुकणे, वैतरणा अशा धरणांच्या फुगवट्यावर रोहू, कटला, मरळ यांच्यासाठी गळ टाकून बसणारे हौशी लोक असतात. (मासेमारीचे हक्क बहुतेक जलाशयांवर ठेक्यानं दिलेले असतात आणि नांदूर मधमेश्वर तर अभयारण्य आहे, म्हणून आधी परवानगीची खात्री करायला हवी.) गळ लांब फेकायचा आणि मासा दमवायचा तर काठी लांबच हवी. सात फूट, नऊ फूट, काठावरच्या गवतापलीकडे जायचं तर बारा फूटही. आणि बहुतेकांना घरापासून पाण्यापर्यंत जायचं असतं ते दुचाकीवरून किंवा चार मीटरच्या आतल्या छोट्या मोटारीतून. म्हणजे अडचण सळयांसारखीच आहे. पण काठी बनवणाऱ्यांनी ती काठीतच सोडवली. बांबूच्या चिरफळ्या चिकटवून काठ्या बनत होत्या, तेव्हापासून पितळी नळ्यांनी तुकडे जोडण्याची पद्धत आहे. पुढे काचतंतू आले, 1970 च्या दशकात कार्बनतंतू आले, जोड हलके आणि पक्के झाले. आज सात फुटांची दोन तुकड्यांची काठी साडेतीन फुटांत बसते. नऊ फुटांची चार तुकड्यांची काठी सव्वादोन फुटांची होते, पाठीवरच्या पिशवीतही मावते. युरोपात कालव्याकाठी तेरा मीटर लांबीच्या काठ्या वापरतात, त्याही तुकड्यातुकड्यांनी जोडायच्या असल्यामुळे साध्या मोटारीतून जातात. जोडामुळे काठी कमजोर होते, ही शंका सुरुवातीला घेतली जायची. चांगल्या जोडाच्या काठीनं मोठमोठे मासे काढून तिचं उत्तर दिलं आहे.

म्हणून नवी काठी घेताना तुकड्यांची किंवा एकात एक सरकणारी घ्यावी, हा पहिला सल्ला. एकसंध काठी घ्यायचीच असेल, तर आधी आपली गाडी मोजावी. काठी गाडीत बसली म्हणून ती सुरक्षित झाली असंही नाही. पुष्कळजण ती डिकीतून दोन सीटांच्या मधून पुढे, डॅशबोर्डवर टेकवतात. एअरबॅग उघडते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि तिच्या वाटेत जे असेल ते आतल्यांच्या अंगावर येतं. डॅशबोर्डवर काहीही ठेवू नये. काठी सीटांच्या मागे आडवी किंवा तिरपी ठेवावी, टोक मागे करावं, दोन ठिकाणी बांधावी. गळ आणि आमिष काढून डबीत ठेवावं, कारण ब्रेक लागल्यावर हवेत उडालेला गळ चेहऱ्यात रुततो. रीळ काढून वेगळं ठेवावं. खिडकीतून टोक बाहेर काढून तर कधीही नेऊ नये. त्या उंचीवर शेजारच्या दुचाकीवाल्याचा डोळा असतो. दुचाकीवरून जाणाऱ्यानं मागच्या माणसाच्या हातात काठी आडवी धरायला देऊ नये. मिटलेली काठी पिशवीत घालून पाठीला, खांद्याच्या रुंदीच्या आत राहील अशी बांधावी.

काठीसाठी नळी हवी, आणि ती महाग घेण्याची गरज नाही. नाशिक जिल्ह्यात शेतीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात 63 मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो. काठीच्या मिटलेल्या लांबीपेक्षा चार बोटं जास्त असा तुकडा कापून घ्यायचा. एका टोकाला झाकण सोल्युशननं चिकटवायचं, दुसरं सैल ठेवायचं, दोन्ही टोकांना आत फोमचा गोळा बसवायचा आणि कापलेली कड पॉलिश पेपरनं घासून घ्यायची. काठीचे तुकडे एकमेकांवर घासू नयेत म्हणून आधी त्यांना फडक्याच्या पिशवीत घालायचं. एवढी काळजी घ्यायचं कारण कार्बनच्या नळीची जात. तिची भिंत टोकाकडे अगदी पातळ असते. गाडीच्या दारात चिमटा बसला किंवा पान्यावर आपटली, तर वरून ओरखडाही दिसत नाही, पण तंतू आत तुटलेले असतात. मग पाण्यावर, मासा लागल्यावर, काठी तिथेच कटकन मोडते आणि दोष माशाच्या वजनाला दिला जातो. याच कार्बनमधून वीजही वाहते, हे फारसं कोणी सांगत नाही. धरणाकाठच्या शेतांवरून 11 केव्हीच्या तारा गेलेल्या असतात. काठी त्यांच्याखाली जोडू नये, आणि जोडलेली काठी उभी धरून त्यांच्याखालून चालू नये.

काठीचं जमलं, पण लोखंडाचं काय, असं बांधकाम करणारे म्हणतील. सळई तुकड्यात नेली तर वाया जाते, कापण्याचा खर्च वाढतो. हा आक्षेप गंभीर आहे आणि तो उडवून लावता येत नाही. पण तो पूर्ण खराही नाही. जालन्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गिरणीतून सळई साधारण बारा मीटरची येते, आणि घराच्या कॉलममध्ये किंवा स्लॅबमध्ये ती बारा मीटर कधीच राहत नाही. फिटर ती साइटवर कापतोच. नकाशावरून मापं काढून ती आधीच कापून-वाकवून देणारे कारखाने आता आहेत. तिथे तुकड्यांची जुळणी नीट होते, म्हणून वाया जाणारं लोखंड उलट कमी होतं. जिथे हे परवडत नाही, तिथे बारीक सळया मधोमध मोठ्या गोलाईत दुमडून सहा मीटर करता येतात. हे पुष्कळ दुकानदार करतातच. फक्त दुमड अगदी टोकदार करू नये आणि पुन्हा सरळ केलेला तो भाग मुख्य ताणाच्या जागी वापरू नये, कापच तिथे घ्यावा. जाड सळयांना दुमडण्याचा मार्ग नाही, त्यांना लांब ट्रेलरच लागेल. दोन टन माल असलेल्या छोट्या गिऱ्हाइकाला ट्रेलर परवडत नाही हे खरं. मग दुकानदारानं चार गिऱ्हाइकांचा माल एका दिवशी एका लांब गाडीत न्यावा. तीन फेऱ्या छोट्या पिकअपनं मारण्यापेक्षा त्यात तोटा नाही.

शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं आहे. निफाड, दिंडोरीच्या बागांना मंडपासाठी अँगल लागतात, शेडनेटला पाइप लागतात, टोमॅटोला बांबू लागतात, आणि दाराशी ट्रॅक्टरची ट्रॉली तेवढी असते. त्यांना सरसकट दंडाची भीती घालून काही साधणार नाही. पण इथेही वस्तू मापात आणण्याची उदाहरणं त्यांच्याच शेतात आहेत. ठिबकच्या नळ्या शेकडो मीटर लांब असतात, तरी त्यांचा कधी अपघात झाल्याचं ऐकू येत नाही, कारण त्या वेटोळ्यांत येतात. टोमॅटोचा बांबू मुळातच ट्रॉलीच्या लांबीत बसतो. अडचण आहे ती वीस फुटी पीव्हीसी आणि लोखंडी पाइपांची. पीव्हीसी पाइप दहा फुटांचा करून शेतात जोडता येतो, जोडाला एक सॉकेट आणि थोडं सोल्युशन लागतं. लोखंडी पाइप मंडपाच्या मापात दुकानातच कापून घेता येतो. राहिलेल्या मालासाठी गावातल्या तिघांनी मिळून एक लांब गाडी करावी. रात्री मात्र ट्रॉलीतून लांब माल कुठल्याही परिस्थितीत नेऊ नये. बहुतेक ट्रॉल्यांना मागे धड दिवाच नसतो.

आणि तो नेहमीचा युक्तिवाद: मागून धडकणाऱ्याची चूक, त्यानं अंतर ठेवायला हवं होतं. हवंच होतं. पण रस्ता चुकणाऱ्या माणसांसाठीही असतो. झोप लागते, ब्रेक फेल होतो, डोळ्यावर समोरचा उजेड येतो, पावसात घसरण होते. अशा चुकीची शिक्षा चेपलेला बंपर असावी की मरण, हे बहुतेक वेळा धडकणाऱ्यापेक्षा समोरच्या गाडीत माल कसा भरला आहे त्यावर ठरतं. आणि टेम्पोत मागे बसलेल्या माणसाची तर कुठलीच चूक नसते.

2027 मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे. त्याच्या तयारीत रस्ते, पूल, घाट आणि निवारे उभे करायला लागणारं लोखंड, बांबू, बल्ल्या आणि पाइप यांची वाहतूक याच शहरातून होते, याच द्वारका चौकातून आणि याच उड्डाणपुलावरून. त्या कामांच्या निविदांमध्ये एक अट घालणं प्रशासनाला सहज शक्य आहे: सळया कापून-वाकवून किंवा पूर्ण लांबीच्या गाडीतूनच आणायच्या, आणि गाडीबाहेर आलेला माल साइटच्या फाटकावर स्वीकारायचा नाही. माल परत जाऊ लागला की भरण्याची सवय बदलेल, कारण फेरीचा खर्च पोलिसाच्या पावतीपेक्षा लवकर कळतो. आणि ज्यांचं घराचं काम सुरू आहे अशा वाचकांनी, पुढच्या वेळी सळयांची किंवा पाइपची ऑर्डर देताना, भावाबरोबर एवढंच विचारावं: गाडीचा हौदा किती फुटांचा आहे? उत्तर मालाच्या लांबीपेक्षा कमी आलं, तर ती गाडी भरू देऊ नका.